कागद नसलेल्या मजुरावर त्यांची शेती चालते, मग त्याला कागद का देत नाहीत?

बेदाणावाला (तासगाव तालुका)

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. चहा घेऊन बसा.

माझी साडेचार एकर द्राक्षबाग, मणेराजुरीच्या शिवारात. निम्मा माल मार्केटला जातो, निम्मा बेदाण्याला, शेड घरचंच. सध्या रानात फळछाटणी चालू आहे आणि घरात भांडण.

भांडण पुतण्यावरून. थोरल्या भावाचं पोरगं 2021 ला शिक्षणाच्या व्हिसावर अमेरिकेला गेलं, दोन एकर गहाण टाकून. एजंटानं इथं दाखवलेलं कॉलेज वेगळं आणि तिथं गेल्यावर सापडलेलं वेगळं. दुसऱ्या वर्षाची फी भरता आली नाही, नाव कमी झालं, आणि नावाबरोबर तिथं राहायचा हक्कही गेला. परत यावं तर गहाणखत दारात उभं. आता ते कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळ एका बागेत कामाला आहे. एम.एस. करायला गेलेलं पोरगं सात समुद्र ओलांडून द्राक्षंच तोडतंय, तीही थॉमसन! आमच्या बोरगावात निघालेली तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात त्या थॉमसनचीच लेक, सोनाकाही तिचीच. म्हणजे पोरगं आजोळी गेलं म्हणायचं.

ऑगस्टच्या शेवटी त्यानं व्हिडिओ पाठवला. बेदाणा करायची त्यांची रीत बघून मी चाटच पडलो. रॅक नाही, जाळी नाही, घड बुडवायचं डिपिंग ऑइल नाही. दोन ओळींमधली माती सपाट करायची, त्यावर जाड कागद अंथरायचे आणि एकेका कागदावर दहाएक किलो घड पसरून उन्हात सोडून द्यायचे. मधे एकदा उलटायचे, आणि वाळत आले की त्याच कागदाची गुंडाळी करून ठेवायची. मजुरी हजेरीवर नाही, कागदावर. जेवढे कागद भराल तेवढे पैसे. पोरगं गुडघ्यावर बसलंय, हातात वाकडी सुरी, तोंडाला रुमाल, ऊन अडतीस डिग्री. आणि हसून म्हणतंय, "काका, इथं द्राक्षाला कागद आहे, मला नाही."

वहिनीनं तो व्हिडिओ बघायलाच नकार दिला. 2025 च्या फेब्रुवारीत अमृतसरला ते लष्करी विमान उतरलं, 104 माणसं, हातात बेड्या, ते तिनं टीव्हीवर बघितलंय. तेव्हापासून रात्री फोन वाजला की ती आधी देवाऱ्याकडं बघते.

आता प्रश्न. गावच्या ग्रुपवर दोन तट पडलेत. एक म्हणतो फुकटखाऊ आहेत, हाकलून द्या. दुसरा म्हणतो त्यांच्याशिवाय अमेरिका उपाशी मरेल. मला दोन्ही नकोत, हिशेब पाहिजे. ही माणसं कर भरतात का? भरतात तर कागद नसताना कसा? त्यांच्यामुळं तिथल्या गरिबाची हजेरी, म्हणजे मजुरी, पडते का? आणि खरी गोम अशी, की पुतण्या म्हणतो त्याच्या टोळीत निम्म्याहून जास्त माणसं बिनकागदाची, त्यातली काही वीस-वीस वर्षं तिथंच. वीस वर्षं सरकारला दिसली नाहीत होय? शेतकऱ्याला ती लागतात हे शेंबड्या पोरालाही माहीत. मग कागद देऊन का टाकत नाहीत?

ता.क. कुणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगतो. माझ्याही बागेत बाहेरची अकरा पोरं आहेत, बिहारच्या मधेपुऱ्याकडची. पण ती आपल्याच देशातली, त्यांचा असला काही प्रश्न नाही. सगळ्यांची आधार कार्डं मी कपाटात सुरक्षित ठेवलीत. मागच्या वर्षी चारजण छठला म्हणून गेले ते डिपिंगला उगवलेच नाहीत.

कराडकर_सॅक्रॅमेंटो

काका, नमस्कार. मूळचा कराडचा, इथं 19 वर्षं झाली. लोकांचे कराचे अर्ज भरून देणं हा माझा धंदा, त्यामुळं तुमचा पहिला प्रश्न दर मार्चमध्ये माझ्या टेबलासमोर येऊन बसतो.

एक बाई येतात, मेक्सिकोच्या वाहाका भागातल्या. घरी मिक्स्टेक ही तिथली मूळची भाषा बोलतात, स्पॅनिश मोडकं, इंग्रजी नाही. वर्षभराच्या पगाराच्या चिठ्ठ्या बुटाच्या खोक्यात, महिन्यावार, रबर लावून. माझ्या निम्म्या शिकलेल्या गिऱ्हाइकांपेक्षा यांचे कागद नीट असतात. कारण त्यांना वाटतं, कधीकाळी सरकारनं दार उघडलं तर "मी कर भरला" हे दाखवायला लागेल.

कर भरायच्या दोन वाटा. 1996 पासून इथलं करखातं सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी-पेन्शनचा सरकारी नंबर) नसलेल्यांना वेगळा नऊ आकडी नंबर देतं, 9 नं सुरू होणारा. तो कर भरण्यापुरता, त्यावर कामाचा परवाना मिळत नाही. दुसरी वाट म्हणजे खोट्या किंवा दुसऱ्याच्या नंबरावर पगारपत्रकात नाव. तिथं पगारातून 6.2 टक्के पेन्शनसाठी आणि 1.45 टक्के म्हातारपणीच्या दवाखान्यासाठी आपोआप कापले जातात, मालकही तेवढेच भरतो. नाव आणि नंबर जुळत नाही म्हणून ती नोंद एका अधांतरी खात्यात पडून राहते. पैसे मात्र योजनेत गेलेले असतात. वॉशिंग्टनच्या एका कर-अभ्यास संस्थेनं 2022 सालचा हिशेब मांडलाय: बिनकागदाच्या लोकांनी सगळे मिळून 96.7 अब्ज डॉलर कर भरला, त्यातले 25.7 अब्ज एकट्या पेन्शनच्या योजनेत. ही पेन्शन त्यांना कधी मिळायची नाही. बेकारी भत्ता नाही, म्हातारपणीचा दवाखाना नाही, गरीब कामकऱ्याला मिळणारी मोठी करसवलतही नाही.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हिशेब अर्धा राहील. 1982 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं त्यांच्या मुलांना शाळा फुकट द्यावीच लागते आणि दुसऱ्या एका कायद्यामुळं जिवावरचं दुखणं घेऊन आलेल्याला दवाखाना परत पाठवू शकत नाही. हा खर्च बराचसा राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर पडतो. पेन्शनचा कापलेला पैसा जातो वॉशिंग्टनला. म्हणून केंद्राच्या वहीत ही माणसं फायद्याची दिसतात आणि एखाद्या गरीब जिल्ह्याच्या वहीत तोट्याची. तुमच्या ग्रुपवरचे दोन्ही तट एकेक वही हातात धरून भांडतायत.

आता "दिसत नाहीत का". दिसतात ना! कामगार खात्याच्याच पाहणीत पिकांवर काम करणाऱ्या मजुरांपैकी चाळीस टक्क्यांच्या वर बिनकागदाचे निघतात. पण कायदाच बेरकी. 1952 च्या कायद्यानं अशा माणसाला आसरा देणं गुन्हा ठरवलं, आणि त्यातच पाचर मारून ठेवली की कामावर ठेवणं म्हणजे आसरा देणं नव्हे. टेक्सासच्या बागायतदारांसाठी मारलेली पाचर, म्हणून तिला टेक्सासचंच नाव. ती निघाली 1986 ला. त्याच सालच्या कायद्यात तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी 27 लाख माणसांना कागद दिले, त्यातली अकराएक लाख शेतमजूर म्हणून, आणि मालकावर कागद तपासायचं बंधन घातलं. पण काय तपासायचं? कागद "बघितल्यावर खरा वाटतो" एवढंच. मालकानं फार खोलात जाऊन चौकशी केली तर उलट भेदभावाचा दावा लागू शकतो. मग मालकानं शहाणपणा केला, मधे ठेकेदार आणला. तुमच्या पुतण्याचा मालक बहुधा तो बागवाला नसेलच. ठेकेदार असेल, आणि त्याच्या हाताखाली मायोर्दोमो. मायोर्दोमो म्हणजे शब्दशः आपला मुकादम.

कायदेशीर हंगामी व्हिसा आहे, नाही असं नाही. पण त्यात मालकानं राहायला घर द्यायचं, येण्याजाण्याचा खर्च सोसायचा, सरकारनं ठरवलेली मजुरी द्यायची. शिवाय तो हंगामापुरता. दूधवाल्यांना तो चालतच नाही, कारण गायीला हंगाम नसतो, हे कृष्णाकाठच्या माणसाला मी काय सांगू. आणि 1986 चा एक धडा बागायतदार विसरलेले नाहीत: कागद मिळाल्यावर पुष्कळांनी शेत सोडलं, शहरात बांधकामावर, हॉटेलात गेले. मजूर पाहिजे, पण जाऊ न शकणारा पाहिजे.

पुतण्याला दोन गोष्टी सांगा. इथं "नोतारियो" अशी पाटी लावून बसलेले लोक असतात. मेक्सिकोत नोतारियो म्हणजे मोठा वकील, इथं नोटरी म्हणजे नुसता शिक्का मारणारा. त्या गैरसमजावर हजारोंना गंडवलंय. परवानाधारक इमिग्रेशन वकीलच गाठायचा. आणि कराबद्दलही त्यालाच विचारायचं, कारण 2025 च्या एप्रिलमध्ये करखात्यानं इमिग्रेशन खात्याला माहिती द्यायचा करार केलाय. बुटाच्या खोक्यावाल्या बाईंनी मला विचारलं, "भरू की नको?" एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला झटकन उत्तर देता आलं नाही.

बेदाणावाला

कराडकर, डोक्यात उजेड पडला. म्हणजे आमचं पोरगं अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांची पेन्शन भरतंय. इथं माझ्या आईच्या श्रावणबाळच्या पैशासाठी मी चार हेलपाटे घातले, पाचवा बाकी आहे.

मुकादमाचं वाचून हसू आलं. माझ्या मेहुण्याचा ट्रॅक्टर कारखान्याला लागतो. एका मुकादमानं दहा कोयत्यांची उचल घेतली आणि पाडव्यापासून फोन बंद. मेहुणा गावोगाव हिंडला, एक कोयता सापडला नाही. तिथं मुकादम मजुराला बुडवतो, इथं दोघांनाही.

हजेरीचं कुणी सांगेल काय?

निवृत्त_मास्तर_सातारा

हजेरीचं मी सांगतो. तीस वर्षं बारावीला अर्थशास्त्र शिकवलं, पोरं ऐकत नव्हती, तुम्ही तरी ऐका.

1980 साली कॅस्ट्रोंनी क्युबाचं मारिएल बंदर उघडलं आणि काही महिन्यांत सव्वा लाख माणसं फ्लोरिडात उतरली, त्यातली बरीच मायामीत राहिली. एका शहरातले कामकरी एकाएकी सात टक्क्यांनी वाढले. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1990 मध्ये हिशेब केला, स्थानिकांच्या मजुरीवर परिणाम जवळजवळ शून्य. पुढं 2015 च्या सुमारास जॉर्ज बोर्हास यांनी तेच आकडे पुन्हा काढले. हे स्वतः लहानपणी क्युबातून आलेले. ते म्हणाले, शाळा अर्धवट सोडलेल्यांचा गट वेगळा काढा, त्यांची मजुरी चांगलीच घसरली. त्यावर तिसरे म्हणाले, त्या छोट्या गटात मधल्या काळात पाहणीसाठी निवडलेली माणसंच बदलली होती. भांडण अजून चालू आहे. माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त झळ लागते ती आधी आलेल्या परदेशी मजुरालाच. नवा भिडू जुन्याच्या ताटात जेवतो.

पण गंमत उलट्या बाजूची आहे. 1942 ते 1964 अमेरिका मेक्सिकोतून करारानं शेतमजूर आणत होती, ब्रासेरो म्हणत त्यांना. 1964 ला ते बंद केलं, आपल्या मजुरांना भाव येईल म्हणून. पुढं अभ्यासकांनी तपासलं तर भाव आला नव्हता. बागायतदारांनी काय केलं? कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायचं यंत्र तयारच होतं, चार-पाच वर्षांत कारखान्याला जाणारा बहुतेक टोमॅटो यंत्रानं निघायला लागला. यंत्राला सोसेल असा टणक टोमॅटोही काढला. आपल्याकडं उसात हार्वेस्टर शिरतोय त्याची आठवण होते.

आणि 2011 चं जॉर्जिया. राज्यानं कडक कायदा केला, मजूर पळाले, काकडी वेलावर राहिली. मग सरकारनं तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांना तोडणीला पाठवून बघितलं. दुपार उलटेपर्यंत बरेचजण रान सोडून चालते झाले.

त्यामुळं "ते आमची कामं घेतात" हे वाक्य मी विद्यार्थ्याला अर्ध्या मार्कापेक्षा जास्त देणार नाही. "त्यांच्यामुळं कुणाचंच काही जात नाही" यालाही अर्धाच.

खटावचा_फिटर

एवढं शिकलेलं लिहिता येत नाही, पण मी स्वतः बिनकागदाचा होतो, तेव्हा बोलतो.

गाव खटाव तालुक्यात, पावसाच्या नावानं ठणठणाट. 2014 ला पाईप फिटर म्हणून कुवेतला गेलो. तेव्हाच्या सरकारी नियमानं एजंटानं फार तर वीस हजार घ्यायचे. माझ्याकडून नव्वद घेतले, पावती वीसची. इथं करारात 120 दिनार, तिथं हातात 75. उतरल्या दिवशी कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, माणसानं पासपोर्ट मागून घेतला. तिथल्या कायद्यानंसुद्धा ठेवून घेता येत नाही, पण विमानतळावर कायदा कोण वाचतो. दीड वर्ष सोसलं, मग एका शुक्रवारी कॅम्पवरून बॅग घेऊन निघालो ते निघालोच. आखातात आमच्यासारख्याला खल्लीवल्ली म्हणतात. म्हणजे गेला उडत, कुणाचा नाही.

आता तुम्हाला आश्चर्य वाटेल. खल्लीवल्ली झाल्यावर मी जास्त कमावलं. रोजचे आठ दिनार, कधी दहा, रोख. कंपनीला ते परवडायचं कसं? तर शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं, काम चार दिवसांचं असलं की चारच दिवस बोलवायचं. माझा व्हिसा नाही, खोली नाही, विमा नाही, सुट्टीचं तिकीट नाही, जाताना हिशेब नाही. आठ दिनार देऊन त्यांचे वीस वाचायचे. कराडकर म्हणतात तसं सगळ्यांना दिसत होतो. साईटवर सुपरवायझर नावानं हाक मारायचा, पगारपत्रकात मी नव्हतो.

कुवेतच्या जलीब वस्तीत एका खोलीत नऊजण. बताका म्हणजे तिथलं ओळखपत्र. ते नाही म्हणून दवाखाना नाही. ग्राइंडरनं डाव्या हाताचं बोट उघडं पडलं तेव्हा खोलीतल्या केरळच्या पोरानं हळद आणि फेविक्विकनं बुजवलं, अजून ते बोट पूर्ण वाकत नाही. शेवटच्या ठेकेदारानं 23 दिवसांचे पैसे बुडवले. "जा पोलिसात," म्हणाला, हसत. आई गेली 2017 च्या आषाढात. कागद नाही म्हणजे विमान नाही. मोबाईलवर बघितलं, तेही मधेच नेट गेलं. 2018 ला तिथल्या सरकारनं माफी जाहीर केली, दंड न भरता जाऊ दिलं, त्यात आलो.

आता वडूजमध्ये मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, बरं चाललंय.

काका, राग मानू नका. पासपोर्ट परत मागितला की माझा कफील काय म्हणायचा माहितेय? "कपाटात आहे, सुरक्षित आहे." तुमच्या ता.क. मधला शब्द वाचला आणि जेवण तसंच ठेवून हे लिहायला बसलो.

बेदाणावाला

फिटर दादा, लागलं. आत्ता काही लिहीत नाही.

मिरजेची_सिस्टर

मी थोडी चिडूनच लिहिते आहे. इंग्लंडमध्ये सात वर्षं नर्स आहे. मिरजेत शिकले, परीक्षा दिल्या, रांगेत उभी राहिले, एकेक कागद जमवला. कुणी बिनकागदाचा येऊन राहिला की सगळ्या गोऱ्यांच्या नजरेत आपण एकाच पारड्यात. ऑफिसात कुणी "तुझा व्हिसा कुठला?" विचारतं तेव्हा मला कसं वाटतं ते मलाच ठाऊक. काकांचा पुतण्या गुणी असेल, पण नियम मोडला तो मोडला.

असं मी परवापर्यंत ठणकावून सांगत होते. मग आमच्या वॉर्डात पेशंटला सोडायला एक वृद्धाश्रमातली मुलगी आली, केरळची, केअर व्हिसावर आलेली. तिच्या कंपनीचं लायसन्स सरकारनं रद्द केलं, चूक कंपनीची. हिला पत्र आलं, साठ दिवसांत दुसरा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. एजंटाला दिलेलं कर्ज फिटलेलं नाही. नवा मालक मिळत नाही, कारण जो तो म्हणतो "आधी दोन हजार पौंड दे." एकसष्टाव्या दिवशी ती माझ्यासारखी रांगेतली राहणार नाही, काकांच्या पुतण्यासारखी होईल. तिनं कुठलाच नियम मोडलेला नाही.

इथं बिनपरवाना माणूस ठेवला तर मालकाला 2024 पासून पहिल्याच वेळी माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड आहे. तरी हातानं गाड्या धुण्याच्या जागा तशाच चालू आहेत, जेवण पोचवणारी पोरं दुसऱ्याचं खातं भाड्यानं घेऊन सायकल मारतात. दंड वाढला तसं त्या खात्याचं भाडं वाढलं म्हणतात.

चिडले होते कशावर ते मधेच विसरले. असो.

पाटण_खोरं

ताई, तुम्ही विसरला नाहीत, बरोबर ठिकाणी आलात. त्या मुलीचा कागद तिच्या नावाचा नव्हताच, मालकाच्या नावाचा होता. फिटरचा व्हिसा कफीलच्या नावाचा. कराडकरांचा तो हंगामी शेतव्हिसासुद्धा एकाच मालकाला बांधलेला. मालक सुटला की माणूस बिनकागदाचा.

माझे वडील पाटण खोऱ्यातून मुंबईला दाणाबंदरात पाठीवर पोती वाहायला गेले, 1961 साली. आमच्याकडं घरटी एक माणूस मुंबईला असायचा. तेव्हा त्यांच्याकडंही कागद नव्हता म्हणायचं. व्यापारी म्हणायचा हा माझा नोकर नाही, टोळीवाला म्हणायचा माझा पण नाही. पोतं अंगावर पडलं तर गावी पत्र जायचं, बस. आण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि 1969 ला माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे: हमालाची नोंद बोर्डाकडं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही बोर्डात भरायची, बोर्डानं हमालाला द्यायची. फंड, बोनस, दवाखाना त्या लेव्हीतून. व्यापारी बदलला, गाळा बदलला, तरी बिल्ला हमालाच्याच खिशात. वडील आयुष्यात तीन व्यापाऱ्यांशी भांडले, उपाशी एकदाही राहिले नाहीत.

आता त्या बिल्ल्याच्या नावावर खंडणी उकळणारेही निघालेत, ते मला माहीत आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

निवृत्त_मास्तर_सातारा

पाटणकरांना पुस्ती. स्पेननं 2005 मध्ये पावणेसहा लाखांच्या आसपास बिनकागदाच्या लोकांना कागद दिले, मुख्य अट, कामाचा करार दाखवा आणि सामाजिक सुरक्षेत नाव घाला. तिजोरीत पैसा आला. अभ्यासकांनी काढलेला आकडा माणशी वर्षाला चारएक हजार युरोचा. वांगी आणि काकडी तिथंही प्लॅस्टिकच्या मांडवाखाली मोरोक्कोची माणसंच तोडतात, कागद दिल्यानं मांडव पडले नाहीत. इटलीत मात्र मुकादमाविरुद्ध 2016 चा कायदा असून 2024 ला लातिना भागात एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला तर मालकानं त्याला घरासमोर टाकून दिलं. वाचला नाही बिचारा.

कराडकर_सॅक्रॅमेंटो

एवढंच जोडतो. इथं मजुरी बुडवली तर बिनकागदाचा माणूसही दावा लावू शकतो, केलेल्या कामाचे पैसे कायद्यानं द्यावेच लागतात. पण युनियन केली म्हणून काढून टाकलं तर मधल्या काळाचा पगार त्याला मिळत नाही, 2002 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. म्हणजे राबलास त्याचे घे, तोंड उघडलंस त्याचे नाही. काका, पुतण्याला माझा निरोप मिळाला का?

बेदाणावाला

मिळाला. नोतारियोकडं तो ऑलरेडी तीनशे डॉलर घालून बसला होता, आम्हाला सांगितलं नव्हतं. आता खरा वकील बघितलाय, पुढच्या मंगळवारची वेळ आहे. वहिनीला मी एवढंच सांगितलं की कराडचा एक माणूस तिथं आहे. तेवढ्यावर ती दोन घास जास्त जेवली.

बाकीचं सांगायचं की नाही याचा दोन दिवस विचार केला, सांगतो.

काल छाटणी उरकल्यावर पोरांना शेडपुढं बोलावलं. कपाटातनं आधार कार्डांचा गठ्ठा काढला, रबर लावलेला. नावं वाचून एकेकाला द्यायला लागलो. पहिल्याच पोरानं हात मागं घेतला. "सेठ, निकाल रहे हो क्या? छाटणी में गलती हुआ?" मी म्हटलं, नाही रे बाबा, तुमचं तुमच्याजवळ असू दे. सगळी एकमेकांकडं बघायला लागली. त्यांच्यातला मोठा, तिशीतला असेल, हळूच म्हणाला, "तो एडवांस अभी काटोगे?"

उचलीचं माझ्या लक्षातच नव्हतं. माणशी बारा हजार मी आगाऊ दिलेत, वहीत आहेत. आणि ते त्यांच्या हातात न देता त्यांना आणणाऱ्या माणसाच्या खात्यावर टाकलेत. त्यानं त्यातले किती ठेवून घेतले, मी कधी विचारलं नाही. काल विचारलं. कुणाला नऊ मिळाले, कुणाला साडेआठ. वहीत मात्र सगळ्यांच्या नावावर बारा.

शेवटी दोघांनी कार्डं घेतली. नऊजणांनी परत माझ्याच हातात दिली, "आपके पास ही रखो सेठ, यहाँ खो जाएगा." त्यातल्या किती जणांना खरंच हरवायची भीती आहे आणि किती जणांना माझी, ते मला ओळखता येईना. गठ्ठा परत कपाटात आहे. कपाटाला कुलूप लावलेलं नाही, किल्ली खिळ्याला अडकवलीय, आणि ते मी त्यांना दाखवलंय.

वहीतला आकडा नऊ आणि साडेआठ करून घेतला. बायको म्हणाली, "मग मधले तीन-साडेतीन हजार कुणाच्या नावावर?" तो माणूस फोन उचलत नाही.

छठची तिकिटं अकराही जणांची मीच काढली, जायची आणि यायची. जायची कन्फर्म आहेत. यायची वेटिंगला, 47 पासून पुढं.